डर्ट बाइकचं पासिंग: गाडी बघण्याआधी कागद बघा

सुलीभंजनची चढण, कन्नडजवळचा औट्रम घाट, मांजरसुंब्याच्या अंगाला पसरलेल्या बालाघाटाच्या टेकड्या, किनवट-माहूरचं रान. मातीत गाडी घालायची हौस असेल तर मराठवाड्यात जागेची ददात नाही. गडबड होते ती खरेदीच्या क्रमात. आधी ऑनलाइन जाहिरात बघून लांबच्या शहरातून गाडी मागवायची, छोट्या हत्तीतून दारात उतरवायची, गल्लीतली पोरं जमवायची, आणि चार दिवसांनी ओळखीच्या एजंटाला फोन लावायचा: "मामा, हिचं पासिंग होईल ना?"

बहुतेक वेळा होत नाही. मामा कितीही पोचलेले असले तरी होत नाही. कारण पासिंग होणार की नाही हे आरटीओच्या खिडकीवर ठरतच नाही. ते गाडी कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच ठरलेलं असतं.

मुळात अडतं कुठे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२६ सांगतो की रस्त्यावर आणायच्या प्रत्येक मॉडेलचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय ही त्यातली सगळ्यात परिचित संस्था. बीडची हद्द ओलांडली की अहिल्यानगरला व्हीआरडीई आहे, तीही या यादीत आहे. ब्रेक, दिवे, आवाज, धूर असं सगळं तिथे तपासलं जातं आणि मग त्या मॉडेलला मान्यता मिळते. ही मान्यता 'वाहन' या सरकारच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत चढलेली असेल तरच डीलरला त्या मॉडेलची नोंदणी करता येते. नसेल तर अर्ज पुढे सरकतच नाही.

मोटोक्रॉसची गाडी शर्यतीसाठी बनवलेली असते. तिला हेडलाइट नसतो, इंडिकेटर नसतात, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसतो आणि कंपनीने तिला ही मान्यता घेतलेलीच नसते. कावासाकीच्या केएक्स मालिकेतल्या गाड्या किंवा छोट्या केएलएक्स ११० आणि १४० भारतात विकल्या गेल्या, पण फक्त ट्रॅकवर चालवण्यासाठी. त्यांना दिवे, हॉर्न, आरसे बसवले की त्या रस्त्याच्या होतील ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. परदेशातल्या व्हिडिओंचा हा परिणाम. तिकडे काही ठिकाणी किट बसवून, तपासणी करून घेऊन नंबर मिळतो, आपल्याकडे तशी वाट नाही. नमुना तपासणीसाठी जायचं असतं ते उत्पादकाने किंवा आयातदाराने. एका गाडीच्या मालकाने एआरएआयच्या दारात उभं राहून काही हाती लागत नाही.

वरून धुराच्या निकषांचा अडसर आहेच. १ एप्रिल २०२० पासून नवीन नोंदणी फक्त बीएस-६ गाड्यांची होते. कुणी तुम्हाला दहा वर्षांपूर्वीची, कधीच नोंदणी न झालेली टू-स्ट्रोक गाडी "फक्त पासिंग बाकी आहे" म्हणून दाखवत असेल, तर जे बाकी आहे ते कायमचंच बाकी राहणार आहे असं धरून चाला.

"मी तर शेतातच चालवणार"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येप्रमाणे सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे अशी कोणतीही जागा. डांबर असण्याची अट नाही. पाणंद, शिवरस्ता, नदीच्या पात्रातली गाडीवाट, तलावाचा रहदारीचा बांध, सगळं यात येऊ शकतं. आपल्याकडे घर गावात आणि रान दोन-तीन किलोमीटरवर असतं, मधली वाट सगळ्या गावाची असते. त्यात नोंदणीचं कलम ३९ नुसतं "सार्वजनिक ठिकाणी" म्हणून थांबत नाही, "किंवा इतर कोणत्याही ठिकाणी" असेही शब्द त्यात आहेत.

सूट कुणाला आहे? चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर ती गाडी मोटार वाहन ठरत नाही. म्हणजे पोरांसाठी ऑनलाइन मिळणारी ४९ सीसीची चिमुकली डर्ट बाइक खेळणं म्हणून विकली जात असली तरी कायद्याच्या लेखी ती खेळणं नाही. विजेच्या गाड्यांत ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग आणि २५० वॅटपर्यंत मोटार असलेल्या गाडीला नोंदणीतून सूट आहे, पण "२५० वॅट" असं नुसतं स्टिकर चिकटवलेली आणि पळायला ताशी साठची असलेली गाडी त्या सुटीत बसत नाही.

विनानोंदणी गाडीला कलम १९२ खाली पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा सापडलात तर १०,००० पर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. कलम २०७ खाली गाडी जप्त होऊ शकते. अल्पवयीन मुलाच्या हातात दिलीत तर कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. माझ्या मते तरी खरी भीती दंडाची बाळगू नका. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि पाणंदीवर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला धडक बसली तर दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई थेट तुमच्या घरातून जाते. जमीन विकावी लागते ती अशाने.

पहिली पायरी: मॉडेल निवडताना

रस्त्यावर चालणारी आणि मातीत उतरणारी, अशी दोन्हीकडची मान्यता असलेली गाडी घ्या. पूर्वी हे सांगणं अवघड होतं. हिरोची इम्पल्स २०११ मध्ये आली आणि फारशी न चालता गेली. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हिरोचीच एक्सपल्स २००, आणि तिथून चित्र बदललं. २०२५ च्या सुरुवातीला एक्सपल्स २१० आली. त्याच सुमारास कावासाकीने केएलएक्स २३० भारतात आणली.

शेवटचं नाव मुद्दाम घेतलं. केएलएक्स २३० ला पासिंग आहे. जवळजवळ त्याच नावाची केएलएक्स २३०आर एस ही फक्त ट्रॅकची गाडी आहे. नावात एक-दोन अक्षरं इकडची तिकडे, आणि जाहिरातीत फोटो एकाचा, किंमत दुसरीची. शोरूममध्ये "ही ऑन-रोडची किंमत सांगा" असं विचारा. ज्या गाडीची ऑन-रोड किंमत सांगता येत नाही, ती रस्त्यावर यायची नाही.

नवख्याने पहिली गाडी म्हणून १५० ते २५० सीसीच्या मधलीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. श्रावणात काळ्या रानात गाडी फसली की टायर आणि मडगार्डच्या मध्ये चिखल असा गच्च बसतो की चाक फिरायचं थांबतं. तिथून गाडी उचलून काढताना दीडशे किलो आणि दोनशे किलो यांतला फरक कंबरेला कळतो.

दुसरी पायरी: पैसे देण्याआधीचे कागद

शेत कितीही झकास असलं तरी सातबारा बघितल्याशिवाय कुणी इसार देत नाही. गाडीचा सातबारा म्हणजे नमुना २१ आणि नमुना २२. नमुना २१ हे विक्री प्रमाणपत्र असतं. नमुना २२ हे उत्पादकाचं प्रमाणपत्र, गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य आणि धुराचे निकष पाळणारी आहे असं सांगणारं. नवीन गाडीच्या विक्रेत्याने हे दोन दाखवले की पुढचं सगळं सोपं.

यांच्याऐवजी जे दाखवलं जातं त्याची ओळख असू द्या. "कस्टमचे पेपर आहेत" असं म्हणून बिल ऑफ एन्ट्री पुढे करतात. त्यावरून एवढंच कळतं की गाडी शुल्क भरून देशात आली. नुसत्या जीएसटीच्या बिलावरून एवढंच कळतं की व्यवहार झाला. पासिंगचा संबंध दोन्हींशी नाही. लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांची ट्रेड प्लेट लावून "हिच्यावर फिरा बिनधास्त" म्हणणारेही भेटतात, पण ट्रेड सर्टिफिकेट डीलरसाठी असतं, गिऱ्हाइकाने बाजारात फिरण्यासाठी नसतं.

आणि सगळ्यात वाईट प्रस्ताव: "भंगारातल्या एका गाडीचं आरसी आहे, तो नंबर हिच्यावर मारून देतो." फोन तिथेच ठेवा. चेसिसवर दुसरा नंबर ठोकणं हा सरळ फौजदारी मामला आहे, आणि आत जातो तो बहुधा गाडीवर सापडलेला माणूस, ठोकणारा नाही.

चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तो १७ अक्षरांचा असतो आणि बहुतेक मोटारसायकलींवर हँडलखालच्या मानेवर, हेड ट्यूबवर ठोकलेला असतो. भारतात बनलेल्या गाडीचा नंबर सहसा एम अक्षराने सुरू होतो, चीनमध्ये बनलेल्या गाडीचा एलने, जपानमधल्या गाडीचा जेने. ऑफ-रोड गाडीत इथेच एक अडचण असते. हँडल सतत फिरून क्लच आणि थ्रॉटलच्या केबल त्या जागेवर घासत राहतात, वर मातीचा लेप बसतो, आणि दोन-तीन वर्षांत मधली अक्षरं पुसट होतात. रॉकेलच्या फडक्याने पुसा, पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा. आठ की बी, शून्य की डी असा संशय आला तर व्यवहार तिथेच थांबवा, कारण तपासणीच्या दिवशी निरीक्षक नेमकं तेच करणार आहे. सँडपेपर मात्र अजिबात लावू नका. घासलेला नंबर आणि खोडलेला नंबर यात बघणाऱ्याला फरक दिसत नाही.

तिसरी पायरी: नवीन गाडीची नोंदणी

ही पायरी छोटी आहे, कारण काम डीलरचं आहे. नमुना २० मधला अर्ज, पत्त्याचा पुरावा, पॅन, विमा आणि कर, सगळं ऑनलाइन जातं. पूर्ण बांधणीच्या नव्या गाडीला आता आरटीओत नेऊन दाखवावं लागत नाही. महाराष्ट्रात दुचाकीचा एकरकमी कर इंजिनाच्या क्षमतेप्रमाणे साधारण १० ते १२ टक्के पडतो. नव्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून ही पद्धत आहे.

नंबर तुमच्या जिल्ह्याचा येतो: छत्रपती संभाजीनगरला एमएच-२०, जालन्याला २१, परभणीला २२, बीडला २३, लातूरला २४, धाराशिवला २५, नांदेडला २६, हिंगोलीला ३८, आणि अंबाजोगाई कार्यालयाचा ४४. अशी गाडी विकणारं शोरूम तालुक्याला नसतंच, त्यामुळे गाडी पुण्यातून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून घेतली तर पत्ता तुमचा द्या आणि तात्पुरत्या नोंदणीवर गाडी घरी आणा. नातेवाइकाच्या पत्त्यावर पुण्याचा नंबर घेऊन मिरवण्यात काय मिळतं मला कळत नाही. पुढे दरवेळी ओटीपी आणि स्मार्ट कार्ड त्या पत्त्याभोवती फिरत राहतं.

तात्पुरत्या नोंदणीवर आणत नसाल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसल्याशिवाय गाडी शोरूमबाहेर काढू नका.

चौथी पायरी: जुनी गाडी, तीही परराज्यातली

हौशी लोकांच्या बऱ्याच गाड्या हैदराबाद आणि बंगळुरूकडून येतात. नांदेड, लातूर, धाराशिवला हैदराबाद पुण्यापेक्षा सोयीचं, तेव्हा हे ओघानेच आलं. इथे खरा घोळ कागदांचा होतो.

आधी परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा: मालकाचं नाव जुळतं का, कर्जाची नोंद, म्हणजे एचपी, उतरली आहे का, गाडी काळ्या यादीत आहे का, चलन थकलेलं आहे का. एचपी असेल तर बँकेचं पत्र आणि नमुना ३५ हे विकणाऱ्याकडूनच करून घ्या. "बँकेचं सगळं भरलंय, फक्त नोंद राहिलीय" हे खरं असलं तरी ती नोंद उतरवायला मालकाची सही आणि त्याचा ओटीपी लागतो, आणि पैसे हातात पडल्यावर लोक फोन उचलत नाहीत.

मग नमुना २८ मधलं ना हरकत प्रमाणपत्र. हे त्या राज्यातल्या मूळ कार्यालयाकडून, तुमच्या जिल्ह्याच्या कार्यालयाच्या नावाने निघालं पाहिजे. नमुना २९ आणि ३० हे मालकी बदलाचे. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. नवा नंबर मिळवायला नमुना २७. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. पण मालकी बदलायचीच आहे तर बारा महिन्यांची वाट बघत बसू नका. महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयाप्रमाणे नव्याने भरावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, फक्त तो हातात पडेपर्यंत धीर धरावा लागतो. म्हणून सौदा करतानाच कराची रक्कम किमतीत धरा. तिकडे स्वस्त मिळालेली गाडी इथे एमएच नंबर लागेपर्यंत बऱ्याचदा स्वस्त राहत नाही.

या गाडीची तपासणी मात्र प्रत्यक्ष होते. तेव्हा गाडी कंपनीच्या अवस्थेत न्या: दोन्ही आरसे, चारही इंडिकेटर, चालणारा हॉर्न, कंपनीचा सायलेन्सर. आणि साडी गार्ड. हा ऑफ-रोडवाले सगळ्यात आधी काढून टाकतात, कारण चिखल त्यात अडकतो. पण मागे माणूस बसायची सोय असलेल्या मोटारसायकलीला मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं संरक्षण, धरायला पकड आणि पाय ठेवायला जागा हवी, असं नियम १२३ म्हणतो. काढलेला गार्ड भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा.

नंबर मिळाल्यावर काय बदलता येतं

कलम ५२ चं सार एवढंच की आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीने जे बनवलंय त्यापेक्षा गाडी वेगळी होता कामा नये. जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी आणि आरसीवर नोंद. फ्रेम कापायची नाही. जुन्या गाडीचा मागचा भाग उडवून केलेली स्क्रॅम्बलर दिसायला देखणी असते, पण १५ वर्षांनी फेरनोंदणीला नेली की तीच कापलेली फ्रेम आडवी येते. अशा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. मोकळ्या सायलेन्सरला कलम १९०(२) खाली १०,००० पर्यंत दंड, त्यात परवानाही तीन महिने बाद होतो.

हँडगार्ड, इंजिनाखालची बॅश प्लेट, हँडल उंच करणारे रायझर यांवर सहसा कुणी हरकत घेत नाही. टायरबाबत एक गोष्ट बघा. खऱ्या मोटोक्रॉस टायरच्या बाजूवर एनएचएस अशी अक्षरं असतात. त्याचा अर्थ तो टायर महामार्गासाठी नाही. ओल्या डांबरावर तो किती धरतो हे एखाद्या वळणावरच समजतं. आयएसआय खूण असलेला, दोन्हीकडे चालणारा नॉबी, म्हणजे ठळक गोट्यांचा टायर घ्या.

एबीएसची रिंग काढायची नाही. यातल्या काही गाड्यांमध्ये मातीत उतरल्यावर एबीएस बंद करायची किंवा त्याचा हस्तक्षेप कमी करायची सोय कंपनीनेच दिलेली असते, ती वापरा.

आणि नंबर मिळाला म्हणजे रान मोकळं झालं असं नाही. गौताळा औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे. आत शिरायला वन विभागाची परवानगी लागते आणि ठरलेली वाट सोडून गाडी घालणं हा वन्यजीव कायद्याचा विषय आहे, आरसी दाखवून तिथे सुटका नाही.

आधीच घेऊन बसला असाल तर

पासिंग नसलेली गाडी दारात उभी असेल तर तिला तिच्या जागी न्या: ट्रॅकवर, छोट्या हत्तीत दोन बाजूंनी पट्टे आवळून, इंजिन बंद ठेवून. एफएमएससीआय या मोटरस्पोर्ट्सच्या राष्ट्रीय महासंघाच्या परवानगीने होणाऱ्या स्पर्धा आणि खासगी बंदिस्त ट्रॅक यांसाठीच ती बनली आहे. शर्यतीत उतरणाऱ्या कुणाला विकायची तर विक्रीच्या कागदावर "फक्त स्पर्धेसाठी, नोंदणी नाही" असं स्पष्ट लिहा, नाहीतर उद्या तोच माणूस तुमच्या दारात उभा राहील.

विक्रेत्याने "पासिंग करून देतो" असं सांगून गाडी गळ्यात मारली असेल तर व्हॉट्सअॅपवरचे संदेश, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवा. आधी लेखी नोटीस द्या. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती दाखल करता येते, विक्रेता बंगळुरूचा असला तरी.